गोडबोल्याची अर्धी गोष्ट

व्यसनमुक्ती सप्ताह जवळ आला की शाळेतल्या शिक्षकांचे चेहरे उतरायचे. गेल्या वर्षी आरोग्य खात्याचा माणूस काळ्या पडलेल्या फुप्फुसाचं भलंमोठं चित्र घेऊन आला होता. पहिलीतली पोरं ते बघून रडायला लागली, आणि त्यातल्या एकाने नंतर घरी तापाचं औषध घ्यायलाच नकार दिला. "हे पण ड्रग आहे," म्हणाला. त्याची आई शाळेत येऊन भांडून गेली. त्याच्या आदल्या वर्षी चित्रकलेची स्पर्धा ठेवली, तर सगळी चित्रं पालकांनीच काढून पाठवली.

म्हणून या वेळी मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, सगळ्यांना शिक्षकखोलीत बसवलं आणि तिसरीच्या बाईंकडे बोट केलं.

"फुप्फुस नको, फलक नकोत. तुम्ही गोष्ट सांगा. आठवडाभर, रोज परिपाठाला."

"मी?"

"मग काय मी? तुम्ही सांगायला लागलात की माझ्या खोलीतला पंखासुद्धा ऐकायला थांबतो."

"तो बिघडलाय म्हणून थांबतो," खेळाचे सर म्हणाले, आणि सगळे हसले. बाईही हसल्या. पण होकार देताना त्यांचा हात उगाच टेबलावरचा खडू फिरवत राहिला.

बाईंची शिकवायची एक रीत होती. त्यांचे वडील भाविक माणूस. जिथे कुठे गाऊन देवाची कथा सांगणारे बुवा येतील, तिथे दोन्ही लेकरांना हाताला धरून न्यायचे. बाईंनी तिथूनच उचललं होतं: थोडं सांगायचं, नेमकं रंगात आलं की थांबायचं, एक ओळ गायची, ती ऐकणाऱ्यांच्या तोंडी द्यायची, आणि ती त्यांच्या तोंडात घोळत असताना पुढचं सांगायचं. पाढे, नद्या, हाडांची नावं, सगळं त्या असंच शिकवत. त्यांच्या वर्गातून बाहेर पडलेली मुलं पुढे कॉलेजात गेली तरी बरगड्या मोजायच्या म्हटलं की आधी गुणगुणत.

त्या संध्याकाळी घरी जाऊन बाई गोष्ट जुळवायला बसल्या. घर दोन खोल्यांचं. आई गेल्यापासून त्यात बाईंचाच वावर. चहा एक कप ठेवायचा, आणि तो उकळेपर्यंत स्वतःशीच बोलायचं. देवाला हात जोडून त्या म्हणाल्या, "तूच सुचव बाबा. लेकरांना भीती नको वाटायला, पण समजायला तर हवं." आणि गोष्ट अशी सरसर आली की त्यांना स्वतःलाच नवल वाटलं.

एक गाव होतं. गावात एक पाहुणा यायचा, त्याचं नाव गोडबोल्या. तो ज्याच्या घरात शिरे त्याचं आधी हसू खाई, मग झोप, मग भांडीकुंडी, मग माणूस. पण तो शिरायचा कसा? लबाड होता तो. मायावी होता. तो आपल्याच माणसाचं रूप घ्यायचा. कधी मामाचं, कधी दादाचं, कधी बाबांचं. तोच चेहरा, तोच आवाज, डोळ्यांत तेच पाणी. म्हणायचा, "मीच आहे रे, उघड ना."

हे रूप बदलायचं कुठून आलं, ते बाईंना माहीत होतं. त्यांचा धाकटा भाऊ ऐन विशीत नशेच्या गोळ्यांच्या नादी लागला होता. दाराबाहेर उभा राहून तो ज्या आवाजात "ताई" म्हणायचा, तो आवाज त्याचाच असायचा आणि त्याचा नसायचाही. आई आतून म्हणायची, "नको उघडूस. तो आपला राहिला नाही." ताई उघडायची नाही. मग तो यायचा बंद झाला. कुठे गेला, आहे की नाही, काही कळलं नाही. आईही गेली. चूक कोणाची, हे ठरवायला आता बाईंखेरीज कोणी उरलं नव्हतं, आणि एकटीने असलं काही ठरत नाही. शाळेत कोणाला ठाऊक नव्हतं. "भावंडं किती?" असं कोणी विचारलं तर बाई "मी एकटीच" म्हणत. त्यात खोटं तरी काय होतं?

सोमवारी परिपाठाला बाई उभ्या राहिल्या आणि गोष्ट सुरू झाली. मैदानावर टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. मग बाईंनी टाळी धरली:

"दारावर कोण?"

"गोडबोल्या!" अख्खी शाळा.

"रूप कोणाचं?"

"आपल्या माणसाचं!"

"हाक मारो, रडो, पाया पडो..."

"दार नाही उघडायचं, नाही उघडायचं!"

मंगळवारपर्यंत हे कडवं वर्गावर्गांत, जिन्यात, पाण्याच्या नळावर ऐकू यायला लागलं. स्वच्छतागृहाचं दार कोणी ठोकलं की आतून मुलं हेच गायची. खेळाचे सर वैतागले. "बाई, काल माझ्या घरी आमच्या चिरंजीवांनी मलाच बाहेर उभं केलं. पाया पडलो तरी उघडेना." मोठ्या बाई खूश होत्या. शनिवारच्या समारोपाला खात्याचे साहेब येणार होते, आणि त्यांनी फोनवरच सांगितलं होतं की ते कडवं त्यांना सगळ्या मुलांकडून ऐकायचंय, त्याचं चित्रीकरणही होणार.

बाईंना बरं वाटलं. खूप दिवसांनी कोणीतरी त्यांच्या घरातली गोष्ट, नकळत का होईना, त्यांच्यासोबत म्हणत होतं.

गुरुवारी मधल्या सुट्टीत एक म्हातारी वर्गाच्या दारात आली. बाईंच्याच वर्गातल्या भिंगरीची आजी. मुलीचं खरं नाव हजेरीपुरतं. एका जागी उभी राहील तर शपथ, म्हणून सगळे तिला भिंगरीच म्हणत. आई नव्हती तिला. आजीच आणायची, सोडायची.

"बाई, काय शिकवलंत हो पोरीला?" आजीचा आवाज चढलेला नव्हता. चढलेला असता तर बरं झालं असतं.

"काय झालं आजी? बसा आधी."

"बसत नाही. माझा मुलगा घरी आला काल. भिंगरीचा बाप. रंगारी आहे तो, घरं रंगवतो. पावडरच्या नशेपायी व्यसनमुक्ती केंद्रात होता, हे तुम्हाला कोणी सांगितलं नसेल. मीच सांगितलं नव्हतं. गावाला कामाला गेलाय म्हणायचे सगळ्यांना." तिने पदराने तोंड पुसलं. "बरा होऊन आला हो. अंगावर मांस चढलंय. दार वाजवलं, मी मागे कपडे वाळत घालत होते. पोरगी धावत गेली, फटीतून बघितलं, आणि आतून कडी लावली. आणि गायला लागली."

बाईंनी स्वतःची खुर्ची पुढे सरकवली.

"सगळं म्हणून दाखवलं तिने. हाक मारो, रडो. तो रडतच होता की बाहेर. मी उघडलं तर ही पलंगाखाली. म्हणे ते बाबा नाहीत, त्यांनी बाबांचा चेहरा लावलाय. माझा मुलगा पायरीवर बसला आणि मला म्हणाला, आई, तिला माझी भीती वाटत असेल तर मी नाही राहत इथे. मित्राच्या कारखान्यात झोपला रात्री."

"मी समजावते तिला. आत्ताच."

"शनिवारी तुमचा कार्यक्रम आहे ना, तिथे तो येणार आहे. म्हणतो, लांबून बघीन, ती जवळ आली तर ठीक, नाही तर दुसऱ्या गावी जाईन कामाला." आजी जायला वळली. "दुसऱ्या गावी म्हणजे कुठे, हे मला कळतं बाई. तो एकटा पडला की कुठे जातो, ते मी बघितलंय."

आजी गेल्यावर बाईंनी भिंगरीला हाक मारली. ती डब्याचं झाकण बोटावर गरगरवत आली.

"काल घरी कोण आलं होतं ग?"

"गोडबोल्या." झाकण फिरतच होतं.

"नाही राजा. ते बाबा होते. खरे."

"तो पण असंच म्हणतो ना? मीच आहे, खरा आहे."

"पण हे खरंच खरे होते."

"कशावरून?"

"आजीने ओळखलं ना त्यांना."

"आजीला चष्म्याशिवाय दिसत नाही," भिंगरी म्हणाली, आणि मग तिला बाईंचीच दया आल्यासारखी समजुतीच्या सुरात बोलली, "बाई, तुम्हीच तर सांगितलं. तोच चेहरा, तोच आवाज, डोळ्यांत तेच पाणी. ते सगळं होतं. मी फटीतून नीट बघितलं."

गोष्ट बाईंनीच इतकी पक्की बांधली होती की तिच्यात वाऱ्यालाही शिरायला जागा नव्हती. खरा बाप जे जे म्हणेल ते गोडबोल्यानेही आधीच म्हणून ठेवलं होतं. आणि "ती नुसती गोष्ट होती" असं म्हणावं, तर मग गोडबोल्याही खोटा ठरतो. तो तर खोटा नव्हता.

"बाई, तुम्ही रडताय?"

"खडूची धूळ गेली डोळ्यात."

"फुंकर घालू?" आणि तिने बाईंचा चेहरा दोन्ही हातांत धरून खरोखरच फुंकर घातली.

शुक्रवारी बाईंनी मोठ्या बाईंना गाठलं. "समारोपाला मला गोष्ट पुढे न्यायची आहे. अर्धीच झालीय ती."

"कुठे अर्धी? छान पुरी झाली. दार लावलं, संपलं."

"दार लावून गोष्ट संपत नाही हो. बाहेर कोणीतरी उभं असतं."

मोठ्या बाईंनी पेन खाली ठेवलं. त्या वाईट नव्हत्या, दमलेल्या होत्या. "हे बघा, साहेब येणार, कॅमेरा येणार. संदेश सरळ पाहिजे. लहान मुलांना 'पण-परंतु' कळत नाही. कडवं म्हणायचं, शपथ घ्यायची, खाऊ वाटायचा. आयत्या वेळी घोळ नको."

बाईंना सांगता आलं असतं. भिंगरीचं, नाही तर स्वतःचं. पण भिंगरीचं सांगायचा त्यांना हक्क नव्हता, आणि स्वतःचं त्यांनी आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं. "बरं," म्हणून त्या बाहेर पडल्या. घरी जाऊन त्या गोष्टीचा उरलेला भाग शोधत बसल्या. वडिलांसोबत ऐकलेल्या कथा आठवल्या: त्यातले बुवा माणसाला आधी पार खाली नेत, आणि मग कथेचा दुसरा भाग सुरू होई तेव्हा त्याच माणसाचा हात धरून वर आणत. खाली नेलेल्याला तिथेच सोडून कोणी बुवा कधी घरी गेला नव्हता. पण बाईंच्या घरात दुसरा भाग घडलाच नव्हता, तर त्या सांगणार कुठून?

शनिवारी मैदानावर कुंपणाला लाल फिती बांधल्या होत्या. पुढे खुर्च्यांवर साहेब आणि पाहुणे, मध्ये मुलं, मागे पालक. फाटकापाशी, सगळ्यांपासून अंतर ठेवून, एक उंच माणूस उभा होता. धुतलेला शर्ट, ओले विंचरलेले केस. हातांचं काय करावं हे त्याला कळत नव्हतं. कधी मागे बांधी, कधी खिशात घाली. तो कोण, ते बाईंनी लगेच ओळखलं. भिंगरीनेही. ती आपल्या रांगेत एकदम सरळ, न हलता बसली होती, आणि तिला असं स्थिर बसलेलं बाईंनी कधी बघितलं नव्हतं.

कडवं झालं. शाळा दणाणली. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. "दार नाही उघडायचं" या ओळीला फाटकापाशी उभ्या असलेल्या माणसाने मान खाली घातली. मोठ्या बाई शपथेसाठी माइककडे यायला निघाल्या, आणि तिसरीच्या बाईंनी माइक सोडला नाही.

"मुलांनो, पुढची गोष्ट ऐकायची?"

"हो!"

"मी तुम्हाला एक चुकीचं सांगितलं. मला वाटलं होतं गोडबोल्या आपल्या माणसाचं रूप घेतो. तसं नसतं. तो आपल्या माणसाच्या पाठीवर बसतो. मानेला मिठी मारून. बोलतो गोडबोल्या, पण त्याच्याखाली आपलंच माणूस असतं, वाकलेलं. आपण दार लावतो ते गोडबोल्यासाठी. पण बाहेर दोघंही राहतात."

मैदान शांत झालं. ही शांतता सोमवारसारखी नव्हती.

"मग त्या गावातला एक माणूस लांब गेला. जिथे पाठीवरचं ओझं उतरवतात अशा जागी. सहज नाही उतरत ते. चिकटलेलं असतं, कातडीसकट निघतं. खूप दिवस लागले. आणि तो मोकळा होऊन परत निघाला. पण गोडबोल्या मेला नाही बरं का. तो मागून चालतच होता, थोडं अंतर ठेवून. माणूस एकटा दिसला की पुन्हा उडी मारायला टपलेला."

"बाई!" रांगेतून हात वर झाला. भिंगरीचा. "मग ओळखायचं कसं? पाठीवर आहे का उतरलाय?"

बाईंनी रात्रभर हाच प्रश्न स्वतःला विचारला होता. खरं म्हणजे त्याही आधीपासून. कडवं तयार नव्हतं, ओळ नव्हती, चाल नव्हती. पुढच्या रांगेत कोणीतरी खुर्ची सरकवली.

"मला नाही माहीत," बाई म्हणाल्या. "मला ओळखता आलं नव्हतं. आणि लहान मुलांनी ते ओळखायचं नसतंच. ते तुमचं काम नाही. मोठ्या माणसाचा हात धरायचा आणि सोबत जाऊन बघायचं. परत यावंसं वाटलं तर परत यायचं. एकट्याने उघडायचं नाही, आणि एकट्याने दार लावूनही बसायचं नाही."

त्या माइक ठेवून खाली उतरल्या, मुलांच्या रांगांमधून चालत तिसरीपाशी आल्या आणि हात पुढे केला. "मी येते. येतेस?"

भिंगरीने बाईंच्या हाताकडे बघितलं, मग फाटकाकडे. उठली. तिची बोटं गार पडली होती. मागे मोठ्या बाईंनी घाईघाईने शपथ सुरू केली आणि सगळी शाळा एका सुरात म्हणायला लागली. त्या आवाजातून त्या दोघी फाटकापर्यंत गेल्या. आजीही बाजूने येऊन उभी राहिली.

माणूस गुडघ्यावर बसला. जवळ नाही आला. रंगाऱ्याचे हात, पण नखांत रंगाचा कण नव्हता.

भिंगरीने बाईंच्या मागून डोकं काढलं. बराच वेळ त्याच्या खांद्यांवरून मागे बघत राहिली. मग विचारलं, "पाठ दुखते?"

त्याला तो प्रश्न समजायला क्षणभर लागला. "दुखते," तो म्हणाला. "खूप दुखते."

"दाखव."

तो बसल्या बसल्या वळला आणि तिच्याकडे पाठ केली. भिंगरी बाईंचा हात सोडून दोन पावलं पुढे गेली आणि धुतलेल्या शर्टावर, मानेच्या खाली, एक बोट टेकवून बघितलं. चटकन मागे घेतलं. पुन्हा टेकवलं. माणूस हलला नाही.

"आजी, काही नाहीये इथे," ती म्हणाली. "आत्ता तरी."

ते तिघं घरी निघाले तेव्हा भिंगरी आजीच्या पलीकडच्या बाजूने चालत होती, बाप अलीकडच्या. मध्ये आजी. जाताना कोणी बाईंकडे वळून बघितलं नाही, आणि बघावं असं काही नव्हतंही.

खाऊ वाटून झाल्यावर मोठ्या बाईंनी त्यांना बाजूला घेतलं. साहेब म्हणाले, काही समजलं नाही, आधी दार लावायला सांगता, मग पाठीवर हात फिरवायला सांगता. पुढच्या वर्षी खात्याचा माणूस आलेलाच बरा. मग आवाज उतरवून त्यांनी विचारलं, "तुम्हाला ओळखता आलं नाही म्हणालात ते... कोणाला?"

"भावाला," बाई म्हणाल्या.

"पण तुम्ही तर एकट्याच ना?"

"हो," बाई म्हणाल्या. मोठ्या बाईंनी त्यांच्या दंडाला हात लावला, काहीतरी बोलायला गेल्या, तेवढ्यात साहेबांच्या गाडीचा हॉर्न वाजला आणि त्यांना जावं लागलं.

रविवार फार मोठा गेला. बाईंनी एक कप चहा केला, तो गार झाला, दुसरा केला. गाण्याची एक ओळही ओठांवर आली नाही. देवासमोर बसून त्यांनी काही मागितलं नाही, नुसत्या बसल्या. कोणीतरी विचारावं की काय झालं, आणि आपण पहिल्यापासून सांगावं, असं त्यांना फार वाटलं. अख्ख्या मैदानाला खिळवून ठेवणाऱ्या बाईंना ऐकून घेणारं एकही माणूस त्या दोन खोल्यांत नव्हतं.

सोमवारी हजेरी घेताना भिंगरी जागेवर होती. बाईंनी तिला फळा पुसायला बोलावलं.

"बाबा कुठे झोपले ग?"

"बाहेरच्या खोलीत. आजीने मधल्या दाराला कडी लावली होती." ती टाचा उंचावून वरचा कोपरा पुसत होती. "मी मध्येच उठून फटीतून बघितलं."

"मग?"

"जागे होते. भिंतीकडे बघत बसले होते. मला म्हणाले, झोप."

"आज कामावर गेले?"

"गेले. संध्याकाळी येतो म्हणाले." तिने डस्टर ठेवलं, हात फ्रॉकला पुसले आणि म्हाताऱ्या माणसासारखी मान हलवली. "बघू."

बाईंना अजून विचारायचं होतं. पण ती तोवर गरकन वळून जागेवर पोचली होती, आणि वर्ग पाढ्यांची वाट बघत होता.